मोकळं सोडा

माझ्या लग्नपत्रिकेला दहापैकी तीन गुण मिळाले.

पत्रिका छापून आल्या त्याच दिवशी मी त्या स्टाफरूममध्ये वाटल्या. सगळ्यांनी तारीख बघितली, मुलीकडचं गाव विचारलं आणि पत्रिका पिशवीत टाकली. चित्रकलेच्या बाईंनी मात्र तिथंच चष्मा चढवला, लाल पेन काढला आणि पत्रिका पेपरासारखी तपासायला घेतली. पाच मिनिटांनी ती माझ्या हातात परत आली. चार गणपतींपैकी तिघांवर फुली होती. मामा-मावशांच्या यादीभोवती गोल काढून बाजूला लिहिलं होतं, 'गर्दी'. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' या ओळीखाली मात्र दोन रेघा होत्या आणि शेरा होता, 'एवढंच बरं आहे'. सगळ्यात खाली गुण.

"बाई, लग्नाला येणार ना?" मी कसंबसं विचारलं.

"लग्नाला नाय येणार. पत्रिका अजून चार द्या. कागद लई भारी हाय."

मी गणिताचा मास्तर. गुण देणं हे माझं काम, घेण्याची मला सवय नाही. तो तीनाचा आकडा मी बायकोला दाखवला नाही. पत्रिका मात्र जपून ठेवली, का ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

बाईंना पत्रिका लागत त्या 'खिडक्या' करायला. जाड कागद घ्यायचा, मधोमध काड्यापेटीएवढं चौकोनी भोक पाडायचं, झाली खिडकी. सहावी ते आठवीच्या प्रत्येक पोराच्या दप्तरात अशी एक खिडकी असायची. एक डोळा मिटायचा, दुसऱ्यासमोर खिडकी धरायची आणि आत बसेल तेवढंच बघायचं. "सगळं एकदम बघाया गेलं की काहीच दिसत नाय," असं बाई म्हणायच्या. त्यांची स्वतःची खिडकी दोऱ्यात ओवून गळ्यात असे, मंगळसूत्राच्या शेजारी, आणि बोलता बोलता ती कधी डोळ्याशी जाईल याचा नेम नसे. एकदा मुख्याध्यापक सरांनी सभेत शासनाचं परिपत्रक वाचायला घेतलं. बाई खिडकीतून बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "सर, जरा डावीकडं सरका. मागचं घड्याळ तुमच्या डोक्यातून उगवल्यावानी दिसायलंय." सर सरकले. सरकल्यावर कुठपर्यंत वाचलं होतं तेच त्यांना आठवेना, आणि ते परिपत्रक आमच्या शाळेत आजतागायत अर्धंच लागू आहे.

माझ्याकडं बघून त्या खिडकी खाली घ्यायच्या. "तुम्ही बसत नाय हो खिडकीत," असं म्हणायच्या. "अर्धे आत, अर्धे भाईर. कामून असं?" मी हसून टाळायचो. माझ्या मते मी चांगला सरळ उभा असायचो.

शाळा आमची गारखेड्यात, आणि बाई यायच्या हर्सूलहून. हर्सूल म्हटलं की आमच्याकडं पाहुणा आधी तुरुंगाचं नाव काढतो. बाई त्याला बोलायची संधीच द्यायच्या नाहीत. "मी हर्सूलची," त्या हात जोडून सांगायच्या, "पण भिंतीच्या भाईरची." रोज सकाळी स्कूटीवर निम्मं संभाजीनगर पार करून त्या शाळेत येत आणि वाटेत जे जे दिसलं ते फळ्यावर काढूनच मस्टरवर सही करत. त्यामुळं त्यांच्या सहीला रोज उशीर झालेला असे आणि कुठल्या चौकात काय पडलंय ते आम्हाला पेपरच्या आधी कळत असे.

त्यांच्या साड्यांचं एक सांगायला हवं. प्रत्येक साडीच्या पदराचं एकच टोक रंगीत होतं. ब्रश पुसायला चिंधी शोधत बसायचा त्यांना कंटाळा. संस्थेच्या एका कार्यक्रमात पाहुण्या बाईंनी तो पदर हातात घेऊन विचारलं होतं, ही कुठली कलाकुसर? बाई म्हणाल्या, "सातवी ब."

चित्रकलेची खोली माझ्या वर्गाच्या बरोबर डोक्यावर. एक दिवस मी काळ-काम-वेग शिकवत होतो आणि वरून धप, धप, धप असा आवाज सुरू झाला. थोडं थांबलो. परत धप. छतातून चुन्याचा पोपडा माझ्या वेगावर पडला तेव्हा मी तावातावानं वर गेलो. बघतो तर सातवी ब ची बावन्न पोरं एका पायावर उभी. प्रत्येकाच्या उजव्या हातात जेवणाचा डबा. जो तोल जाऊन पडेल त्याचा धप.

"बाई, हे काय?"

"तोल शिकवायले."

"तोल कागदावर असतो ना?"

"आधी अंगात असतो. मग कागदावर उतरतो. आले हायत तर उभे ऱ्हा."

बावन्न पोरांसमोर नाही म्हणता येईना. मी एका पायावर उभा राहिलो आणि सात सेकंदांत बाकावर कोसळलो. बाईंनी माझा उजवा खिसा चाचपायला लावला. त्यात किल्ल्यांचा जुडगा, डस्टर आणि खडूंची पेटी निघाली. "बघा रे," बाई पोरांना म्हणाल्या, "सरांचं सगळं वजन एकाच बाजूला. आता डाव्या हाताला कायतरी द्यायचं नायतर उजवीकडचं काढायचं. चित्राचं बी तसंच असतं." मी डस्टर तिथंच ठेवून खाली आलो. पुढचे दोन दिवस फळा रुमालानं पुसला, पण परत मागायला वर गेलो नाही.

खोलीच्या दाराशी श्रीखंडाचा एक मोठा डबा असे. चप्पल बाहेर आणि खोडरबरही बाहेर, हा तिथला नियम. पोरं ओळीनं डब्यात खोडरबर टाकत आणि मगच आत जात. चुकलेली रेघ खोडायची नाही, तिच्याच शेजारी दुसरी काढायची. "चुकलेली रेघ दिसू द्या," बाई म्हणत. "तिच्यामुळं तर बरोबरची कळती." माझ्या तासाला हीच पोरं वहीत चार चुकलेली उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाचवं बरोबर लिहीत आणि वर माझ्याकडं अशा विश्वासानं बघत की मला राग आणायलाही जड जाई.

दुसरा नियम देखाव्याचा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नदी आणि नारळाचं झाड हे चित्र काढायला त्यांच्या खोलीत बंदी होती. "गारखेड्यात नारळाचं झाड दाखवा, मग काढा," त्या म्हणायच्या. पोरं बिचारी घरी जाऊन शोधायची. त्याऐवजी नळाच्या दिवसाचं चित्र काढायचं. आमच्याकडं पाणी येतं त्या दिवशी गल्लीत प्रत्येक दारासमोर पिंप असतं. निळं पिंप, काळं पिंप, मग निळं, मग परत काळं, आणि सगळ्यांमधून एकच पाइप वळवळत गेलेला. "याला लय म्हणतात," बाई सांगत. कितीतरी घरांत त्या काळात पोरांनी आईची पिंपं रंगांप्रमाणे उचलून इकडची तिकडं ठेवली आणि मार खाल्ला.

उठाव शिकवायचा तो डब्यातून. ज्वारीची भाकरी, तिच्यावर हिरवा ठेचा. "आता ठेच्याच्या जागी पिठलं ठेवा. भूक लागली का? नाय ना? उठाव गेला." परीक्षेचा प्रश्न असा होता: तुझ्या आजच्या डब्याचे चित्र काढ आणि मग खा. निम्म्या पोरांनी आधी खाल्लं आणि मग रिकाम्या डब्याचं चित्र काढलं. बाईंनी त्यांनाही गुण दिले, कारण झाकणावरचं प्रतिबिंब बरोबर होतं.

त्यांच्या सगळ्या शिकवण्याचा गाभा मात्र एका शब्दात होता. तो मला उशिरा कळला आणि फार महागात पडला.

एका पोरानं कागदाच्या कोपऱ्यात एवढीशी शेळी काढली होती. बाकी कागद कोरा. शेजारचा ओरडला, "बाई, ह्याचं रिकामं ऱ्हायलं!" बाईंनी खडू खाली ठेवला. असं फार क्वचित होई.

"रिकामं म्हणायचं नाय," त्या म्हणाल्या. "रिकामं आपोआप होतं. पिंप रिकामं होतं, डबा रिकामा होतो. मोकळं आपोआप होत नाय. मोकळं सोडावं लागतं. ह्यानं शेळीला चरायला रान सोडलंय, दिसंना का तुला?"

तेव्हापासून पोरांना एक सवय लागली. कच्चा आराखडा करताना जिथं काही काढायचं नाही तिथं ती पेन्सिलीनं लिहून ठेवत: 'मोकळं सोडा'. म्हणजे नंतर रंगवताना हात शिवशिवला तरी तिथं फूल-पान यायचं नाही. हा शब्द सहावीपासून आठवीपर्यंत सगळ्या कागदांवर असे. आमच्या शाळेत त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता. आमच्या शाळेत.

आता बॅनरकडं येतो.

बाई दर शुक्रवारी एक वर्ग घेऊन कोपऱ्यावरच्या चौकात जात. तिथं कुणा ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतोच. पोरं फुटपाथवर ओळीत उभी राहत, एक डोळा मिटत आणि खिडकीतून तो फ्लेक्स वाचत. "ज्याचा वाढदिवस हाय तो शोधा," बाई सांगत. एकदा एका फ्लेक्सवर त्रेचाळीस चेहरे निघाले आणि वाढदिवसवाला कुणालाच सापडेना. तेवढ्यात त्याचीच माणसं गाडीवरून आली. शाळेची पोरं एवढ्या भक्तिभावानं दादांकडं बघतायत हे पाहून त्यांना गहिवरून आलं आणि त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. बाईंनी पेढा खाल्ला, हात पदराला पुसला आणि विचारलं, "ह्यातले दादा कोणते हो?" त्यांनाही जरा वेळ लागला.

हे असं छान चाललं असताना संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या मनात फाउंडेशनचा वर्ग आला. दुसऱ्या शाळांत सहावीपासूनच पुढच्या परीक्षांची तयारी करून घेतात, मग आपण कशात कमी, असा त्यांचा प्रश्न. चित्रकलेचे आठवड्याचे दोन्ही तास काढून गणिताला द्यायचे आणि वरच्या खोलीत संगणक मांडायचे असं ठरत आलं. ते तास मला मिळणार होते. 'फाउंडेशन विभागप्रमुख' अशी पाटी करायला टाकायची का, असं मुख्याध्यापक सरांनी मला हळूच विचारलंही होतं. मी नको म्हटलं नाही. मी फक्त पाटी किती लांब असेल तेवढं विचारलं.

बाईंची निवृत्ती चार वर्षांवर होती. तास गेले तर त्यांनी कुठं बसायचं, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. त्या सरांकडं गेल्या. सर मऊ माणूस. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात साहेबांचा वाढदिवस आहे. चौकात शाळेचा बॅनर लागतो. तो या वेळी तुमच्या पोरांकडून करून घ्या. साहेबांना आवडला तर तासांचं बोलून बघतो."

बाई नाचतच वर गेल्या. मी खालून धप ऐकला.

सातवी ब नं तीन आठवडे साहेबांचा अभ्यास केला. साहेब मूळचे शेतीवाडीवाले, बोलायला मोकळेढाकळे, आणि त्यांची मिशी साऱ्या गारखेड्याच्या ओळखीची, दोन्ही टोकांना वर वळलेली. पोरांनी आधी साहेबांचा चेहरा काढला, मग तो वगळून फक्त चष्मा आणि मिशी ठेवली, मग चष्माही गाळला. श्रावणी नावाच्या मुलीनं एका रेघेत मिशी काढली आणि सगळा वर्ग एकदम म्हणाला, "साहेब!" ठरलं. वर डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'साहेबांना'. खाली 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, इयत्ता सातवी ब'. उजवीकडं खाली मिशी. मधला सगळा भाग पांढराशुभ्र. आणि तिथं, कच्च्या आराखड्याच्या रीतीप्रमाणं, पेन्सिलीनं दोन शब्द.

फ्लेक्सचं दुकान बजाजनगरला माझ्या घराच्या गल्लीतच. म्हणून कागद न्यायचं काम माझ्याकडं आलं. बाईंनी तो गुंडाळून, वर जुन्या पत्रिकेचा कागद लावून माझ्या हातात दिला. "सर, मधली जागा कमी करू देऊ नका. लोक भरायला बघतात. जितकी मोठी ठेवता येईल तितकी ठेवा."

दुकानात दोन मशिनं चालू होती. शेजारच्या माणसाचं बोललेलं ऐकू येत नव्हतं. दुकानदारानं कागद पसरला आणि ओरडला, "सर, ये बीच में लिखे सो क्या है? मोकळं सोडा?"

"हां, हां!" मी ओरडलो. "मधी मोकळं सोडा!"

"बड़ा करूँ?"

"मोठं! जितकं मोठं होईल तितकं!"

"एकदम टॉप बनाता सर, तुम टेन्शन नक्को लेओ."

संध्याकाळी त्यानं मोबाइलवर नमुना पाठवला. मी तो उघडला नाही. तसाच अंगठा पाठवून दिला. घाईत होतो असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं. घाई नव्हती. चहा पीत बसलो होतो. बॅनर चांगला झालेला मला बघायचा नव्हता, एवढंच खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात गाडी लावायला जागा नव्हती. मी मान वर केली. वीस फूट लांब, दहा फूट उंच. कोपऱ्यात बारीक 'साहेबांना'. मधोमध, लाल अक्षरांत, पिवळ्या किनारीसकट आणि मागं काळी सावली टाकून: मोकळं सोडा. खाली शुभेच्छा. आणि ती मिशी, शांतपणे वर वळलेली.

साहेबांना मोकळं सोडा!

मी आधी आजूबाजूला शाळेचं कुणी आहे का ते बघितलं. आणि मग, खोटं कशाला बोलू, हसू आलं. असं आलं की गाडी स्टँडवर लावता येईना. शेजारचा रिक्षावाला गंभीरपणे विचारत होता, "कधी धरलं हो साहेबांना? कोणत्या केसमधी?" दुसरा म्हणाला, "आरं, पोरंबी उतरली रस्त्यावर. सातवी ब. नाव टाकून उतरलीत." लोक फोटो काढत होते, पाठवत होते. समोरच्या पानटपरीवाल्यानं अर्धं शटर ओढून घेतलं होतं, उगाच दगडफेक झाली तर.

तेवढ्यात बाईंची स्कूटी आली. त्या नेहमीपेक्षा जास्त खुशीत. "सर, आज हर्सूलला गंमत! तुरुंगाच्या गेटवर पाच-सहा माणसं, हातात हार आन् जेवणाचा डबा. पोलिसाला म्हणायले, आमच्या साहेबांना एवढं द्या. पोलिस म्हणायला, कोणते साहेब? फळ्यावर काढते आता." मी बोटानं वर दाखवलं. बाईंनी सवयीनं खिडकी डोळ्याशी नेली. ती डावीकडून उजवीकडं सरकवली. मग पुटपुटल्या, "सावली कामून टाकली?"

साहेबांचं घर शाळेपासून चार गल्ल्यांवर. ते चालतच आले. घरी औक्षण चाललं होतं तेव्हापासून फोन थांबत नव्हते. कपाळावर कुंकू, केसांत अक्षता आणि मिशी थरथरणारी. मागं मुख्याध्यापक सर. साहेब थेट वरच्या खोलीत शिरले, दाराशी चप्पल काढायला मात्र विसरले नाहीत. आत सातवी ब बसली होती. मी दारात उभा राहिलो.

"बाई," साहेब म्हणाले, "मी आजपस्तोर एक दिवस बी आत गेलो नाय. आन् तुमी मला भर चौकात सोडवायलात?"

बाई पुढं आल्या. इतक्या वर्षांत त्यांना पदराचं टोक चुरगाळताना मी पहिल्यांदा बघितलं.

"साहेब, शब्द माझा हाय. जिथं काय भरायचं नाय तिथं पोरं तसं लिहितात. मीच शिकवलंय. काय बोलायचं ते मला बोला. तास घ्या, खोली घ्या. पोरांना नका बोलू, त्यांनी लई मन लावून केलंय."

दुकानात कोण गेलं होतं ते बाईंना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. साहेब मान हलवायला लागले. मला कळत होतं, आणखी एक मिनिट गप्प राहिलो की वर ही खोली संगणकांची आणि खाली माझी पाटी. मला लाज वाटली. 

"साहेब," मी म्हणालो, "दुकानात मी गेलो होतो. मोठं करा म्हणून मीच ओरडलो. नमुना बी आला होता. न बघता अंगठा दाबला."

"तुमी? गणिताचे सर? कामून?"

"बघायचाच नव्हता. बिघडला तर तास मला मिळणार होते."

बावन्न पोरांनी एकदम आवाज केला, "आँ?" बाईंनी हळूच खिडकी उचलली आणि माझ्याकडं बघितलं.

"सर," त्या म्हणाल्या, "आज बसलात बघा पुरे."

साहेब काहीतरी जबर बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि रागाच्या भरात स्पीकर दाबला गेला. "साहेब! गेटवर हाय आमी, आत सोडनात. डब्यात पुरणपोळी हाय!"

"आरं, मी शाळेत हाय!"

पलीकडं कुजबुज झाली. मग काळजीचा आवाज, "शाळंत ठेवलंय व्हय तुमाला?"

आधी मिशीचं डावं टोक हललं. मग उजवं. मग साहेब श्रावणीच्या बाकावर बसले आणि पोट धरून हसायला लागले. सातवी ब तर वाटच बघत होती. मुख्याध्यापक सर भिंतीकडं तोंड करून हसले. बाई हसताना खाली बसल्या आणि रंगाच्या वाटीत बसल्या.

हसून झाल्यावर बाईंनी गळ्यातली खिडकी काढून साहेबांच्या हातात दिली आणि त्यांना खोलीतून दिसणाऱ्या चौकाकडं वळवलं. "मधली अक्षरं बोटानं झाका, आन् मग बघा." साहेबांनी एक डोळा मिटला. बघत राहिले.

"मिशी कुणी काढली?"

श्रावणी उठली. "मी. सतरा काढल्या. सोळा चुकल्या."

"खोडून खोडून?"

"खोडरबर नसतं इथं. सगळ्या आहेत. दाखवू?"

साहेबांनी सतराही मिशा बघितल्या. मग स्वतःच्या मिशीला हात लावून बघितला. म्हणाले, "वीस वर्षं झाली बॅनर लागतात माझे. वाचलेला हा पैला." पुढारी माणूस तो, त्याला फायदा कुठं आहे ते लगेच दिसतं. बॅनर अजून तीन दिवस राहू द्या, असं त्यांनी सांगून टाकलं. तासांचं म्हणाल तर, एक तास चित्रकलेला, एक फाउंडेशनला.

"एका तासात रंग वाळत नाय, साहेब," बाई हळूच म्हणाल्या. मागणं नव्हतं ते. त्या नुसतं खरं ते सांगत होत्या.

"दुसरा बी त्यांनाच राहू द्या," मी म्हणालो. "फाउंडेशन मी शनिवारी शाळा सुटल्यावर घेतो. जादा. पाटी नको."

साहेबांनी सरांकडं बघितलं, सरांनी माझ्याकडं. "लिहून ठेवा," साहेब म्हणाले, "सर फिरायच्या आत." माझे शनिवार तेव्हा गेले ते आजही परत आलेले नाहीत. बायको अजून विचारते, हे फाउंडेशन नक्की कुणाचं बांधताय?

वेळापत्रक दर वर्षी मीच करतो. त्या आठवड्यात नवं केलं आणि सूचनाफलकावर लावलं. मधल्या सुट्टीत येऊन बघतो तर बाईंनी ते लाल पेनानं तपासलेलं. शनिवारच्या चौकटीभोवती गोल, बाजूला 'गर्दी'. माझ्या सहीखाली 'अक्षर सुधारा'. चित्रकलेच्या दोन्ही तासांखाली दोन दोन रेघा. तळाला, १० पैकी ७. आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत: मागचे तीन शिल्लक आहेत, मिळवून घ्या.

मागच्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. ते वेळापत्रक आणि ती लग्नपत्रिका मी एकाच फायलीत ठेवली आहे. दहापैकी सात आणि दहापैकी तीन मिळवले तर वीसपैकी दहा होतात, दहापैकी दहा होत नाहीत. सातवीचं पोरही सांगेल. मी बाईंना सांगितलं नाही.